उरलेले तीन पाय

‘तुमच्या त्या मोत्याचा पाय कुठं गेला रे?’ हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा सगळं लिहूनच टाकावं असं ठरवलं. मेसच्या रांगेत विचारतात, लायब्ररीत विचारतात, व्हायवाला आलेल्या बाहेरच्या सरांनीसुद्धा विचारलं. (त्या व्हायवात मला पूर्ण उत्तर आलेला तो एकच प्रश्न, हे जाता जाता सांगतो.) कुणाला वाटतं तो गाडीखाली सापडला, कुणाला वाटतं जन्मापासूनच तसा आहे.

तर मित्रांनो, मोत्याला हाडाचा कॅन्सर झाला होता. त्याचा पाय ऑपरेशन करून काढला, नंतर केमोथेरपी झाली, आणि आज तो तीन पायांवर मेसपर्यंत तुमच्या आधी पोचतो. हे कसं झालं आणि यात आपल्यासारख्यांनी नेमकं काय करायचं असतं, ते या लेखात. शेवटी एक कामही सांगणार आहे, म्हणून अर्ध्यात पान उलटू नका.

सुरुवात एका लंगडण्यानं

मोत्या आपल्या हॉस्टेलमधला सगळ्यात सीनियर. वॉचमन काकांच्या हिशेबानं दहा वर्षांचा. त्याच्या डोळ्यांसमोरून सात बॅचेस पास होऊन गेल्या, हा अजून इथंच आहे. तांबूस रंग, एका कानाला खाच (नसबंदी झाल्याची ती खूण), वजन २२ किलो.

जुलैत तो पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. आम्ही काटा शोधला, सापडला नाही. मग कुणाची तरी बाईक लागली असेल असं आपसांतच ठरवून टाकलं. कुणीतरी हळद लावली. असे तीन आठवडे गेले, कारण युनिट टेस्ट चालू होती. मग मनगटाच्या वर लिंबाएवढी टणक सूज दिसायला लागली, पाय टेकेनासा झाला आणि रात्री जिन्याखाली तो कण्हायला लागला, तेव्हा कुठं आम्ही हललो. ही आमची चूक, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हातारा कुत्रा आठवडाभर लंगडतोय आणि कारण सापडत नाही, तर सरळ एक्स-रे काढायचा.

निरोगी हाडाची कड एक्स-रेत पेन्सिलनं आखल्यासारखी स्वच्छ दिसते. मोत्याच्या हाडाची कड एका ठिकाणी वाळवी लागलेल्या चौकटीसारखी पोखरली होती, आणि तिथंच बाहेरच्या अंगाला नवीन हाड वेडंवाकडं उगवलं होतं. डॉक्टर मॅडमनी सुईनं पेशी काढून तपासायला दिल्या. उत्तर आलं, ऑस्टिओसार्कोमा.

कुत्र्यांमध्ये मुळात हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी हा सगळ्यात जास्त आढळणारा. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींत त्याचं प्रमाण जास्त, पण गावठी कुत्र्यालाही तो सुटत नाही. त्याच्या ठरलेल्या जागा आहेत: पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात बहुतेक करून गुडघ्याच्या आसपास. हाच आजार माणसांत मुख्यतः वाढत्या वयाच्या मुलांना होतो. दोन्हींत इतकं साम्य आहे की मिफामुर्टाइड नावाचं औषध आधी हा कॅन्सर झालेल्या कुत्र्यांमध्ये तपासलं गेलं आणि २००९ साली युरोपात मुलांसाठी व तरुणांसाठी मान्य झालं.

पाय काढायचाच कशाला?

आम्हालाही पहिल्यांदा हाच धक्का बसला. कॅन्सर आहे तर औषध द्या, पाय कशाला काढता?

मॅडमनी शांतपणे समजावलं. पोखरलेलं हाड सतत दुखतं आणि साध्या वेदनाशामकानं ते दुखणं फार काळ आवरत नाही. शिवाय ते कधीही, नुसत्या उडी मारण्यानंसुद्धा, मोडू शकतं, आणि असं मोडलेलं हाड नीट जुळून येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रसमधला एक मेंबर फेल झालाय. तो तसाच ठेवून रोज त्यावर लोड द्यायचा, की तो काढून लोड बाकीच्यांवर वळवायचा?

पण पाय काढला म्हणजे कॅन्सर गेला, असं नाही. या आजाराच्या सुमारे ९० टक्के कुत्र्यांत निदान होतं तेव्हाच काही पेशी शरीरात दुसरीकडे, मुख्यतः फुप्फुसांत, पोचलेल्या असतात. त्या इतक्या बारीक असतात की एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून कामाची वाटणी अशी: ऑपरेशन दुखणं थांबवण्यासाठी, केमो वेळ वाढवण्यासाठी.

‘पण मॅडम, तो म्हातारा आहे, झेपेल का?’

मॅडम म्हणाल्या, ‘वय हा काही आजार नाही. त्याचं रक्त, किडनी, लिव्हर, हृदय आणि छातीचा एक्स-रे बघू. आणि सगळ्यात आधी बाकीचे तीन पाय बघू. यापुढं तेच कामाचे आहेत.’

त्या एका वाक्यावर आमचे पुढचे सहा महिने चालले आहेत.

सहीचा रकाना

खरा विरोध वॉचमन काकांचा होता. ते आमच्याबरोबर टेम्पोतून आले होते. म्हणाले, ‘पोरांनो, जनावराला असं अर्धं करून ठेवू नका. एक इंजेक्शन द्या, सुटंल बिचारं.’

आम्ही चिडलो. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काका, तुमचं चूक नाही. दुखणं आवरेनासं झालं, बाकीचे पाय धड नसले किंवा नंतरचं करायला माणूस नसला, तर तेच बरोबर ठरतं. पण आधी याला चालवून बघा.’ मग त्यांनी पट्टा काकांच्या हातात दिला. मोत्या दुखरा पाय वर धरून तीन पायांवर उड्या घेत दारापर्यंत गेला, दाराबाहेरच्या मांजरावर भुंकला आणि परत आला.

‘बघितलंत? तो पाय त्यानं कधीच सोडून दिलाय. आपण फक्त दुखणं सोडवतोय.’

टेबलावर संमतीचा फॉर्म होता. त्यात रकाना होता, मालकाचे नाव. आम्ही सहाजण एकमेकांकडे बघायला लागलो. वर्गणी काढायला सगळे तयार होते, नाव लिहायला कुणी पुढं होईना. दोन वर्षांनी आम्ही इथं नसणार, हे आमच्या सगळ्यांच्याच मनात आलं असावं. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाले, ‘दहा वर्षं माझ्याच खुर्चीखाली झोपतोय. दुसऱ्या कुणाचं नाव लिवायचं?’

आम्ही पाय बनवायला निघालो

आता गंमत ऐका. मोत्या दवाखान्यात असताना आम्ही चार मेकॅनिकलवाल्यांनी रात्रभर जागून त्याच्यासाठी कृत्रिम पाय डिझाइन केला. ॲल्युमिनियमचा पाइप, खाली रबर, मध्ये स्प्रिंग. ड्रॉइंग घेऊन मोठ्या ऐटीत मॅडमकडे गेलो. त्यांनी ते नीट बघितलं आणि विचारलं, ‘छान आहे. पण हे अडकवणार कशाला?’

आम्हाला माहीतच नव्हतं. पुढचा पाय काढताना बहुतेक वेळा खांद्याच्या फऱ्यासकट पूर्ण काढतात. थोटूक ठेवलं तर ते आपटतं, त्याला जखमा होतात, आणि कुत्रा ते टेकवायला जाऊन पडतो. म्हणजे कृत्रिम पाय लावायला तिथं काही उरतच नाही. आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची गरजही पडत नाही.

‘तुम्हाला काम पाहिजे ना? मग तुमच्या हॉस्टेलच्या फरशीवर काम करा.’

उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणजे पुढच्या प्रत्येक पायावर ३०, मागच्या प्रत्येकावर २०. पुढचा एक पाय गेला की उरलेल्या पुढच्या पायावर भार बराच वाढतो आणि काही भार मागं सरकतो. बेस चौकोनाचा त्रिकोण झाला. अशा वेळी एक पाय जरी घसरला तरी सावरायला जोडीदार नाही. तरुण कुत्रा उठून उभा राहतो, म्हाताऱ्याचा सांधा मुरगळला तर सगळंच थांबतं. आपल्या कॉरिडॉरची गुळगुळीत फरशी आणि त्यावर सकाळी फिरवलेलं ओलं पोतं हा मोत्याचा खरा शत्रू होता.

मग आम्ही हे केलं:

१. काकांच्या खुर्चीपासून मेसच्या दारापर्यंत आणि तिथून मागच्या मैदानापर्यंत गोणपाट आणि जुन्या योगा मॅट यांचा सलग रस्ता केला. कडा चिकटपट्टीनं बसवल्या, नाहीतर मॅटच घसरते.

२. तीन पायऱ्यांवर वर्कशॉपमधल्या प्लायचा लांब उतार ठेवला, वर काथ्याची पायपुसणी ठोकली. उतार जितका लांब तितका चढ सोपा.

३. जेवणाची थाळी दोन विटांवर ठेवली. खाली वाकून खाताना सगळा भार त्या एकट्या पुढच्या पायावर येतो.

४. नखं कापली आणि तळव्याच्या गाद्यांमधले केस काढले. हे दर दोन-तीन आठवड्यांनी करायचं.

५. झोपायला जाड गादी. हाडं टेकून म्हाताऱ्या कुत्र्याचे कोपर सोलवटतात.

कृत्रिम पायाचं ड्रॉइंग आमच्या रूममध्ये भिंतीवर आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मॅटचा नकाशा काढला होता.

पहिले चौदा दिवस

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मोत्याला बघून आमच्यातला एकजण बाहेर जाऊन रडला. अर्धं अंग भादरलेलं, लांबलचक टाके, छाती काळी-निळी. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की रक्ताळलेली सूज एक-दोन दिवसांत खाली छाती-पोटाकडं उतरते आणि हळूहळू जिरते. सांगितलं नसतं तर आम्ही घाबरून रात्री दोन वाजता टेम्पो काढला असता.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर आंघोळ नाही, पळणं नाही, उड्या नाहीत. शी-शूसाठी पट्टा लावून पाच मिनिटं बाहेर आणि परत. उठताना छातीखालून जुन्या चादरीची झोळी करून आधार द्यायचा. पूर्ण उचलायचं नाही, तोल सावरण्यापुरतं धरायचं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालतात. मोत्या ती घेऊन दारात अडकायचा, म्हणून कुणीतरी समोर असताना कॉलर काढून आम्ही त्याला फेस्टचा जुना टी-शर्ट घालायचो. तेव्हापासून तो ऑर्गनायझिंग कमिटीत आहे.

कुत्रा दुखतंय असं ओरडून सांगत नाही. बसल्या बसल्या धापा टाकणं, रात्री जागा बदलत राहणं, थरथरणं, जेवण सोडणं, हात लावला की अंग आखडणं, या दुखण्याच्या खुणा. कधी कधी झोपेतून दचकून उठून तो नसलेल्या पायाच्या जागेकडं वळून बघायचा. माणसांत गेलेला अवयव दुखल्यासारखा वाटतो, तसं कुत्र्यांतही होत असावं असं डॉक्टर मानतात आणि त्यासाठी वेगळं औषध देतात. गोळ्या वेळेवर द्यायच्या, ‘आज बरा दिसतोय’ म्हणून चुकवायच्या नाहीत. दुखणं एकदा वर चढलं की खाली आणायला जास्त कष्ट पडतात.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: माणसांच्या डोकेदुखीच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी जाऊ शकते. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर लिव्हर जातं.

जखमेतून पू किंवा वास येणं, टाके उसवणं, सूज रोज वाढणं, पूर्ण दिवस काही न खाणं, यांतलं एकही दिसलं तर थेट दवाखाना.

पहिले चार दिवस मोत्या पडायचा, उठायचा, परत पडायचा. पाचव्या दिवशी त्यानं मॅटवरून दहा-बारा पावलं टाकली. दहाव्या दिवशी मेसच्या दारात उभा. आम्ही अजून त्याच्या पायाचं दुःख करत होतो आणि तो केव्हाच पोळीच्या मागं लागला होता. त्या दहा रात्री त्याच्याजवळ कोण झोपलं असेल? वॉचमन काका.

केमोचं गणित

टाके निघाल्यावर केमो. मोत्याला कार्बोप्लॅटिन दिलं, शिरेतून, दर तीन आठवड्यांनी एकदा, असे चार डोस.

इथं इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक गोष्ट. हे औषध मोठ्या कुत्र्यांना नुसत्या किलोवर देत नाहीत, शरीराच्या पृष्ठफळावर देतात. वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याचा दोन-तृतीयांश घात काढा, १०.१ नं गुणा, दहा हजारांनी भागा. मोत्याच्या २२ किलोला उत्तर येतं सुमारे ०.७९ चौरस मीटर. याच्या दुप्पट वजनाच्या कुत्र्याला डोस दुप्पट होत नाही, सुमारे १.५९ पट होतो. हे कळायला सांगितलं. प्रत्यक्ष डोस डॉक्टरच ठरवतात आणि रक्त बघून कमीही करतात.

केमो म्हटलं की आपल्याला माणसांचं चित्र आठवतं. कुत्र्यांत उद्देशच वेगळा असतो. डोस असा ठेवतात की राहिलेले दिवस चांगले जावेत. मोत्याचे केस गेले नाहीत, गावठी कुत्र्यांचे सहसा जात नाहीत. केस सतत वाढणाऱ्या पूडलसारख्या जातींत ते गळतात. त्याला दुसऱ्या डोसनंतर दोन दिवस उलट्या झाल्या, गोळीनं थांबल्या.

आपली कामं दोन. पहिलं, ताप. औषधानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळं हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटर शेपटीखालूनच लावावा लागतो. (हे काम कोण करणार यावर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या.) १०३ च्या वर गेला किंवा तो मलूल झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. प्रत्येक डोसआधी रक्त तपासायचं, पेशी कमी असतील तर डोस पुढं ढकलतात.

दुसरं, स्वच्छता. औषधाचा काही भाग लघवी-शीतून बाहेर पडतो. डोसनंतर निदान तीन दिवस हातमोजे घालूनच साफ करायचं, भरपूर पाणी ओतायचं. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांना यापासून लांब ठेवायचं.

पोळीचं प्रेम

तुम्हाला वाईट वाटेल, पण मोत्याला सगळ्यात जास्त धोका आपल्या दयेचा आहे. ‘बिचारा तीन पायांचा’ म्हणून प्रत्येकानं अर्धी पोळी टाकली आणि दीड महिन्यात त्याचं वजन २२ वरून २५ झालं. हे तीन किलो चार पायांत वाटले गेले नाहीत. तीन पायांत वाटले गेले, तेही समान नाही. तो लवकर बसायला लागला. आम्हाला वाटलं कॅन्सर वाढला. मॅडमनी काट्यावर उभा केला आणि म्हणाल्या, ‘हा लाडाचा आजार आहे.’

म्हणून मेसच्या मामांकडं त्याचं खाणं ठरवून दिलंय, वर काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, त्यामुळं मेसची भाजी बंद. चॉकलेट, द्राक्षं, मनुका तर विषच. केमो चालू असताना कच्चं मांस, कच्चं अंडं नाही. चालणं थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. रविवारी एकदम टेकडीवर न्यायचं नाही. आता तो परत २२ वर आलाय.

किती दिवस?

हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. नुसता पाय काढला तर या आजारात मध्यक आयुष्य चार ते पाच महिने असतं. बरोबर केमो दिली तर सुमारे दहा ते बारा महिने. दोन वर्षांपर्यंत साधारण पाचातला एक पोचतो. मध्यक म्हणजे काय हे एम-थ्रीमध्ये शिकलोय: निम्मे त्याच्या अलीकडं, निम्मे पलीकडं. मोत्या कुठल्या बाजूला आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. जानेवारीतला छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. दर दोन-तीन महिन्यांनी तो काढायचा आणि मधल्या काळात तो गाढ झोपलेला असताना श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असले की ठीक. काका रोज रात्री मोजतात आणि गेटच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर लिहितात. काल १८ होते.

एक दिवस ते वाढतील. त्या दिवशी काकांचं पहिलं म्हणणं परत टेबलावर येईल, आणि तेव्हा ते बरोबर असेल. हे आम्ही सगळ्यांनी बसून बोलून ठेवलंय.

तुमच्या गावाकडं कुणाच्या कुत्र्याला असं काही झालं तर ‘पाय काढणार? नको’ असं ऐकताक्षणी म्हणू नका. जवळच्या पशुवैद्यांना दाखवा, तिथं सोय नसेल तर पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात विचारा. मुंबईत परळचं कॉलेज १८८६ पासून आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथंही आहेत. आणि बाकीचे तीन पाय तपासून घ्या, तसंच घरी करायला माणूस आहे का तेही बघा.

आता ते काम

मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं. आमची बॅच तर कायमचीच जाणार. काका आहेत, पण काकांचीही सुट्टी असते, आणि त्यांनाही वय आहे. मेसच्या बोर्डावर एक तक्ता लावलाय: तारीख, नाव, मोबाइल नंबर. मे आणि जून मिळून ६१ रकाने आहेत, त्यातले आज ४० रिकामे आहेत.

काम असं: सकाळ-संध्याकाळ मॅट कोरड्या आहेत का बघायच्या, दोन वेळा ठरलेलं जेवण, चार वेळा पाच-पाच मिनिटं फिरवणं, रात्री श्वास मोजून रजिस्टरमध्ये लिहिणं. वजन दर रविवारी, मेसच्या धान्याच्या काट्यावर.

ज्यांची समर ट्रेनिंग इथंच जवळ आहे त्यांनी नाव लिहावं. पोळी टाकायला पुष्कळजण आहेत, आता नाव लिहायला पाहिजेत.